माझ्या आईची साक्ष त्यांनी दिली

सरांनी माईकवर माझ्या आईच्या गर्भपिशवीचं नाव काढलं, तेव्हा आई बायकांच्या बाजूला तिसऱ्या सतरंजीवर बसली होती.

रविवारची उपासना. चर्च भरलेलं. पुण्याहून पाहुणे आलेले, त्यातला एक मोबाईलवर शूटिंग करत होता. सर म्हणाले, "हा आमच्या पुरुषांच्या गटातला मुलगा. ऊसतोडीच्या घरातला. सोळा वर्षांचा असताना यानं स्वतःच्या हातानं आईची पिशवी काढायच्या कागदावर सही केली. त्या पापाच्या ओझ्यानं दारूत बुडाला. आज बघा त्याला." मग माझ्याकडं बघून हसले. "उभा राहा, बाळा. लोकांना दिसू दे."

मी उभा राहिलो.

हे सांगायला आजही जड जातं. कुणी मला धरून उठवलं नव्हतं. मी आपणहून उभा राहिलो, हात जोडले. टाळ्या झाल्या. बायकांच्या बाजूला मला फक्त एक पदर दिसला, कपाळाच्या खाली ओढलेला.

सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. मिशनच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, बीडला स्वतःचा बंगला, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं. मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर टायरच्या दुकानात कामाला. बाप वारलेला, मी स्वतः सकाळपासून पिणारा. असा मी. एक दिवस सरांची गाडी पंक्चर झाली. ते पांढऱ्या शर्टात तिथल्याच एका जुन्या टायरवर बसले आणि माझ्याशी तासभर बोलले. माझ्याशी तेवढा वेळ कुणीच बोललं नव्हतं. पुढं ते दर आठवड्याला येत राहिले. माझी दारू सुटली ती त्यांच्यामुळं, हे मी कधी नाकारणार नाही.

दर शनिवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात सर धरून आम्ही सहा जण बसायचो. पवित्र शास्त्र वाचायचं, मन मोकळं करायचं, प्रार्थना करायची. सुरू करण्याआधी सर दर वेळी म्हणायचे, "इथं बोललेलं इथंच राहील."

म्हणून मी बोललो. ऊसतोडीला निघायच्या आधीचे दिवस होते. आईच्या पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. मुकादम म्हणायचा, बाईचे खाडे लई होतेत. बीडच्या एका दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. घरात लिहिता-वाचता मी एकटा. कागद इंग्रजीत होता. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कळत नाही म्हणायची लाज वाटली. सही केली. महिना भरायच्या आत आई उसाच्या फडात होती. तिशी नुकतीच ओलांडलेली बाई. पुढं तिची हाडं दुखायला लागली, ती आजपर्यंत दुखतात.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होतो. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "रड." मी रडलो. त्यानंतरचे दोन महिने मला लई हलकं वाटत होतं. माझी दारू ज्या देवानं सोडवली त्याला भेटायचं म्हणून आईसुद्धा चर्चला यायला लागली होती. आणि मग तो रविवार.

परत येताना जीपमध्ये आई माझ्या शेजारी बसली होती. फाट्यावर उतरलो. मग म्हणाली, "तुला त्याचं एवढं दुखत व्हतं?"

"हो."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं? पिशवी माझी. अन् सांगितलंस त्या सायबाला." थोडं चालून थांबली. "पाप म्हनला त्यो. पाप कशाचं? डाक्टरला मी हो म्हनले व्हते. तू नुसती सही केली. मला इचारलं असतंस तर तवाच सांगितलं असतं."

दहा वर्षं मी जे उरावर घेऊन फिरलो, त्याचं उत्तर माझ्याच घरात चुलीपुढं बसलेलं होतं. मी ते बंगल्यात शोधत होतो.

"आता बाया माझ्या पोटाकडं बघतेत," आई म्हणाली. त्यानंतर ती चर्चला आली नाही.

शनिवारी मी गेलो. सर खुशीत होते. पाहुण्यांना माझी साक्ष, म्हणजे देवानं मला कसं बदललं ती गोष्ट, फार आवडली होती. पुढच्या महिन्यात मोठा मेळावा होता. "तूच बोल आता. आईलाही स्टेजवर आण."

मी म्हणालो, "न्हाई, सर."

"देवाच्या गौरवासाठी आहे, बाळा."

त्या व्हरांड्यात दर शनिवारी एक प्रार्थना व्हायची. सर म्हणायचे, एका कुटुंबातल्या एका तरुणासाठी विनंती आहे, नाव घेत नाही. तो तरुण कोण, हे आम्हा पाचही जणांना माहीत होतं. आम्ही कधी ओठावर आणलं नाही. आजही आणत नाही.

मी म्हणालो, "सर, तुमच्या घरातलं दुःख आमी नाव न घेता देवापुढं ठेवतो. माझ्या घरातलं तुमी माईकवर ठेवलं. कावून?"

सरांचा चेहरा उतरला. बाकीचे चौघं शास्त्रात बघत राहिले. सर म्हणाले, "ते वेगळं आहे. आमच्या घराण्याला नाव आहे."

"माझ्या आईलाबी नाव हाय, सर. तुमी दोन वर्षांत एकदा तरी इचारलं का?"

त्यांना ते माहीत नव्हतं. मी चप्पल घातली आणि निघालो. डोळे पुसत निघालो, खोटं कशाला सांगू. बाप वारला तेव्हा मी एवढा रडलो नव्हतो.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना झाली, असं गटातल्या एकानं येऊन सांगितलं. विश्वासातून घसरलेला भाऊ म्हणून. माझं मात्र नाव घेऊन.

दारू मी पुन्हा धरलेली नाही. प्रभूलाही सोडलेलं नाही. तो सरांनी मला दिला, असं त्यांना वाटत असेल. मागायला आले तरी परत मिळणार नाही.

हे लिहिण्याआधी आईला विचारलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "लिही. पर मी हो म्हनले व्हते हे लिही. मला काय कळत नव्हतं असं लिहू नगं. पिशवी न्हाई काढली तर मुकादम घेऊन जाणार न्हाई, हे मला चांगलं कळत व्हतं." मी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं थांबवलं, तिथं बदललं.

आणि एक गोष्ट तिनं मला सांगितली, त्या दवाखान्यातल्या रात्रीची. म्हणाली, ही लिहू नगं.

ती इथं नाही. कुणी कितीही मायेनं माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, तरी ती माझ्या तोंडून निघणार नाही.