खराब मालाची शिकवणी

हुशार माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. विमा अधिकाऱ्याची बायको म्हणून गावोगावच्या बदल्यांत अशा शेकडो माणसांना चहा पाजलाय, म्हणून सांगते. शिकवता येणारं माणूस माझ्या पाहण्यात एकच आलं आणि ते दहावी पास होतं. द्वारका. जयपूरला विद्याधर नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. नवरा रेल्वेत फिटर, मूळचे अकोल्याचे.

द्वारका सीकर रोडवरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, ट्रान्झिस्टर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. मोहरीच्या दाण्याहून लहान चिपला केसाहून बारीक सोन्याची तार जोडायची, तीही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. हे काम करणाऱ्या अकरा जणी. द्वारका सोडून बाकीच्या तिकडच्याच.

२००५ च्या दसऱ्याला घोळ झाला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची ही आपली रीत. द्वारकेने ती थेट कारखान्यात नेली. तारजोडणीच्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू, झेंडूचं फूल, उदबत्ती. विभागाचे इंजिनिअर देवराम चौधरी यांनीही हात जोडले आणि पेढा खाल्ला. त्या खोलीत हवासुद्धा गाळून सोडतात, बायका टोपी-कोट घालून आत जातात. पण हळदीला धूळ कोण म्हणणार?

दोन आठवड्यांत परदेशी गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. तारा सुटत होत्या. सोबत पत्र होतं, की जानेवारीत आमचा परीक्षक येईल, प्रत्येक बाईला शंभरात ऐंशी मिळाले पाहिजेत, नाहीतर हे काम दुसऱ्या कारखान्याला देऊ. म्हणजे अकराही जणी घरी. देवरामजींनी सगळ्यांना उभं करून सुनावलं, की तुमच्या हातांना शिस्त नाही.

द्वारकेने परत आलेला एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तार जिथे सुटली होती तिथे पिवळा कण होता. दुसऱ्यातही, तिसऱ्यातही. ती संध्याकाळी वर आली.

"मीच लावली होती वैनी हळद," ती म्हणाली. "आता त्या पोरीयले बोलनं खाऊ देऊ का?"

"गप्प बैस," मी म्हटलं. "कोणाला कळलंय?" माझा सल्ला हा असा. तिने तो ऐकला नाही हे माझं नशीब. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. देवरामजींनी शिस्तीचं बोलणं मागे घेतलं. पेढा त्यांनीही खाल्ला होता.

मग परीक्षेची तयारी सुरू झाली. देवरामजी भिंतीवर इंग्रजी चित्रं दाखवत आणि विचारत, "समझ में आया?" बायका एका सुरात "जी सर" म्हणत. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी द्वारका यंत्राचं तीनशे पानी इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली.

"तुमाले इंग्रजी येते, मले मशीन येते. दोघी मिळून एक इंजिनेर होते."

रोज संध्याकाळी मी वाचायची, मराठीत सांगायची आणि मला स्वतःला त्यातलं अक्षर कळायचं नाही. ती मात्र मान डोलवायची, वहीत हिंदीत उतरवायची आणि मधूनच "वैनी, हे तुमी उलटं सांगतलं" असं म्हणून माझी पदवी धुळीला मिळवायची. दहा दिवसांनी तिने पुस्तक मिटलं.

"ह्याच्यात काम कसं करावं ते हाय. मतलब, आमी चुका कशा करतो ते नाई."

दुसऱ्या दिवशी तिने एक पुठ्ठा भिंतीला लावला. त्यावर खराब तुकडा चिकटवलेला आणि खाली हिंदीत तीन ओळी: काय बिघडलं, कशामुळे, कोणाकडून. पहिल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: तार सुटली, हळदीमुळे, द्वारकेकडून. इतरांनीही आपापले तुकडे आणावेत, असं तिने सांगितलं. चार दिवस कोणी पुढे आलं नाही. आपल्या हाताने आपलीच फजिती कोण टांगणार? द्वारकेने कोणाला टोकलं नाही. पाचव्या दिवशी एकीने हळूच तुकडा आणला. डोळा चोळताना काजळ हातमोज्याला लागलं होतं. मग दुसरीने सांगितलं, की घाईत तार बोटाने ओढली. एकदा धरण फुटल्यावर काय, डिसेंबरअखेर चोवीस पुठ्ठे झाले. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक बाई आपल्या पुठ्ठ्याशी उभी राहून बाकीच्यांना शिकवायची. वाचता न येणारीलाही हे पाठ झालं.

जानेवारीत परीक्षक आला. सिंगापूरचा, बारीक चणीचा, फार न बोलणारा. त्याने प्रश्नपत्रिका वाटल्या आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. प्रश्न शंभर आणि सगळे इंग्रजीत. दहा जणींनी पेनं खाली ठेवली. मी असते तर तिथेच रडले असते. द्वारका उभी राहिली आणि देवरामजींना म्हणाली, "साहब से कहिए, कागज़ नहीं, माल दिखाएँ. जो खराब है, हम बताएँगे."

देवरामजींच्या नावाने मी बरीच बोटं मोडली आहेत. पण त्या दिवशी त्या माणसाने शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला, वर स्वतःच्या चार वाक्यांची भर घातली. परीक्षकाने विचार केला, चहा मागवला आणि बॅगेतून वीस तुकड्यांची डबी काढली. एकेकीने आत जायचं, प्रत्येक तुकड्याचा दोष सांगायचा आणि त्याचं कारणही; देवरामजी ते इंग्रजीत करून सांगणार.

अकरा जणींतल्या भागुबाईला सही करण्यापुरतंच लिहिता यायचं. सगळ्यांना तिचीच धास्ती होती. सातव्या तुकड्याशी ती अडली. परीक्षक वाट पाहत राहिला. मग ती म्हणाली, की इथे दोष दोन आहेत. तारेला मानेशी, जोडाला लागूनच, चीर आहे, आणि चिपही एका बाजूला कलली आहे. परीक्षकाच्या कागदावर एकच दोष होता. तो स्वतः सूक्ष्मदर्शकापाशी बसला, त्याने बराच वेळ पाहिलं, आणि खिशातून पेन काढून आपलाच कागद दुरुस्त केला.

अकराही पास. सगळ्यांत कमी गुण पंच्याऐंशी, ते द्वारकेला. दहा जणींच्या काळजीत तिला स्वतःचे तुकडे धड दिसलेच नव्हते. संध्याकाळी मिठाई घेऊन वर आली तेव्हा हेच ती हसत हसत सांगत होती. मला मात्र तिचा असा अभिमान वाटला की डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

तिने सांगितलेलं शेवटचं तर मी अजून लोकांना ऐकवते. परीक्षकाने दिलेल्या प्रत्येकीच्या प्रमाणपत्रावर प्रशिक्षकाच्या सहीची ओळ होती. देवरामजींनी पेन उघडलं आणि ते द्वारकेच्या हातात दिलं. तिने दहा जणींच्या कागदांवर सह्या केल्या. अकरावा कागद तिचाच. त्यावर सही कोण करणार? नियमाप्रमाणे ओळ रिकामी चालत नव्हती. भागुबाईने तो कागद स्वतःकडे ओढला आणि मोठ्या अक्षरांत सही ठोकली. मग बाकीच्या नऊ जणींनी केल्या, ओळीवर, ओळीखाली, समासात, जागा मिळेल तिथे. परीक्षकाने तो कागद हातात घेतला, प्रत्येक सही पाहिली आणि एकीवरही पडणार नाही अशी जागा शोधून आपला शिक्का मारला.