डोळा लावायला जागा नसलेली दुर्बीण

माझ्या नवऱ्याला त्यांच्या धंद्यातले लोक ‘मिलीग्रॅम’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि यांना त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. हे वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानांतले, गोदामांतले, सोनाराकडचे, दवाखान्यात तान्ह्या बाळाला ज्यावर ठेवतात तेसुद्धा. काटा तपासायची वजनं मखमल लावलेल्या पेटीत असतात. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायची, कारण बोटाचं तेल लागलं की वजन वाढतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्यातलं एक पितळी वजन कौतुकाने हातात घेतलं होतं. ते त्यांनी ज्या चेहऱ्याने काढून घेतलं, तो बघूनच मी पुढचं सगळं ओळखायला हवं होतं.

माणूस वाईट नाही. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, सासूबाईंची औषधं एकदाही विसरलेले नाहीत. फक्त कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की यांचं घोडं अडतं. पंखा घ्यायचा ठरला आणि उन्हाळा संपला. उशी घ्यायला गेलो तर दुकानात एकेका उशीवर डोकं ठेवून असे पडून राहिले की दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, “वहिनी, यांना बरं नाहीये का?” आणि एवढं करून उशी घेतली नाहीच. एकीत कापूस जास्त, एकीत कमी.

अशा माणसाच्या डोक्यात दुर्बीण शिरली. शिरली कशी, ते सांगते, कारण पुढे ते खुद्द यांच्याही लक्षात राहिलं नाही.

सासूबाईंचे डोळे जायला लागले होते. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडा शाबूत राहतील, पण मधलं हळूहळू जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पेपर सुटला, सुईदोरा सुटला, त्यावरही काही बोलल्या नाहीत. एके दिवशी जेवताना मात्र म्हणाल्या, “मला एकदा शनीचं कडं बघायचंय रे. शाळेत असताना एक जण दुर्बीण घेऊन आले होते. सगळ्या मुली रांगेत उभ्या होत्या. माझा नंबर आला आणि ढग आले.”

एवढंच. सत्तरी ओलांडलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा मुलाकडे स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं. यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “आई, तुला असा दाखवतो की बघत राहशील.” मलाही त्या दिवशी यांचं फार कौतुक वाटलं. ते कौतुक मी पुढे बरेच महिने पुरवून पुरवून वापरलं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर दुर्बिणींचं गुऱ्हाळ सुरू झालं. यांचं म्हणणं असं, की आईचे डोळे अधू, तिला त्या बारीकशा भोकातून काय दिसणार? त्यापेक्षा दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, फोटो काढायचा आणि टीव्हीवर भिंतभर दाखवायचा. मला पटलं. मला तेव्हा काहीही पटत होतं. पैशाची मर्यादा आम्ही दोघांनी मिळून ठरवली, आणि मी बापडी समजले की आता पैसे ठरले म्हणजे वस्तूही ठरेल.

आधी मोठ्या भिंगाची दुर्बीण पसंत पडली. मग कळलं, साध्या काचेच्या भिंगातून तेजस्वी ताऱ्यांना जांभळी कड येते. नुसत्या डोळ्याने बघणाऱ्याला ती चालते, फोटोला चालत नाही. मग खास काचेचं भिंग हवं. ते मोठं घेतलं तर आमची मर्यादा उडून जाते. म्हणून मध्यम. मग कळलं, खरं महत्त्व भिंगाला नाहीच, खालच्या स्टँडला आहे. आकाश सरकतं, त्याच्याबरोबर हळूहळू फिरणारा मोटरचा स्टँड नसेल तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. आणि स्टँडवर जेवढं वजन चालेल असं लिहिलेलं असतं, फोटोसाठी त्याच्या निम्मंच धरायचं.

वजन! हा शब्द ऐकल्यावर यांना जो चेव आला, तो विचारू नका. घरातला कॅमेरा काट्यावर चढला. कॅमेऱ्याचा पट्टा काढून तो पुन्हा चढला. बॅटरी वेगळी, स्क्रू वेगळे. मी स्वयंपाक करतेय आणि हे ओट्यावर सोनाराचा काटा मांडून वायरचा एक तुकडा जोखताहेत.

“अहो, वायरीने काय फरक पडतो?”

“पडतो ना. ती लोंबकळते. लोंबकळणारं वजन वेगळं धरायचं.”

“मग मलाही धरा. मीही लोंबकळतेच आहे.”

हे हसले नाहीत. त्यांनी वायर उलटी करून पुन्हा ठेवली.

इंटरनेटवर अशाच लोकांचा एक अड्डा आहे. जगातले सगळे मिलीग्रॅम तिथे जमतात आणि एकमेकांच्या निर्णयांना खो घालतात. हे रात्री एक दुर्बीण पक्की करून आनंदाने झोपायचे आणि सकाळी चेहरा पाडून उठायचे, कारण कुणीतरी लिहिलेलं असायचं की तिच्यात कडेचे तारे शेपटी फुटल्यासारखे येतात. मग ते तारे सरळ करायला आणखी एक भिंग. ते भिंग आणि कॅमेरा यांच्यात नेमकं अंतर हवं. ते अंतर राखायला कड्या. कड्या कुठल्या धातूच्या, यावर तिथे दोन तट. माझ्या नाकी नऊ आले. शेजारीण विचारायची, “आली का दुर्बीण?” मी सांगायची, “अजून मुली बघणं चाललंय.”

आणि या सगळ्यात शनी कुठे गेला, ते ऐका. मी सहज विचारलं, “यात शनीचं कडं किती मोठं दिसेल हो?” तर हे अगदी थंडपणे म्हणाले, “शनी? छोट्या दुर्बिणीत फोटोला शनीचा नुसता ठिपका येतो. हिच्यातून तेजोमेघ टिपायचे. पसरलेले, लाल-गुलाबी. आईला टीव्हीवर फार आवडतील.”

मी कपाळाला हात लावला. मागितलं काय होतं आणि चाललंय काय! बरं, तिकडे सासूबाईंचे डोळे काही यांच्या निवडीसाठी थांबलेले नव्हते. आधी त्यांना घड्याळाचे काटे दिसेनासे झाले, मग भिंतीवर घड्याळ आहे हेच हाताने दाखवावं लागायला लागलं. त्या चुकून मिठाऐवजी साखर घालायच्या आणि वर स्वतःच हसायच्या. मला ते हसू सहन व्हायचं नाही. मी यांना म्हणायची, “अहो, घ्या ना काहीतरी. वाकडंतिकडं घ्या, पण घ्या.” हे म्हणायचे, “चुकीची वस्तू घेऊन आईची निराशा करू?” प्रेमच होतं ते. पण असलं प्रेम पदरी पडलं की माणसाने रागवावं तरी कुणावर!

शेवटी एकदाची दुर्बीण आली. लहानशी, पांढरी, पोळ्यांच्या लाटण्याहून थोडी लांब. स्टँड तिच्या तिप्पट जड. गच्चीवर मांडामांड, वायरी, लॅपटॉप. काही दिवस यातलं काही ना काही रुसलेलं असायचं. मग एका रविवारी यांनी घरात सगळ्यांना बसवलं. माझी नणंदही मुद्दाम आली होती. सासूबाईंची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ लावली. पडद्यावर लाल-गुलाबी धूर आणि त्यात शेकडो तारे. खरं सांगते, सुंदर होतं. एकाही ताऱ्याला शेपटी नव्हती.

सासूबाईंनी मान इकडून तिकडे फिरवून बघितलं. “छान आहे,” त्या म्हणाल्या. “रंग छान आहेत.” मग थोडं थांबून अगदी संकोचाने म्हणाल्या, “पण असं पेपरात छापून येतं ना रे? मला वाटलं होतं, आपण डोळा लावून बघायचं.”

“आई, हिला डोळा लावायचा नसतो,” हे म्हणाले. “मागे कॅमेरा असतो.”

“हो का? बरं बरं.” आणि सासूबाईंनी यांचा हात थोपटला. जणू चूक त्यांचीच होती.

नणंद माझ्याकडे बघायला लागली, मी यांच्याकडे. नणंदेने विचारलं, “दादा, डोळा लावायचं जे असतं ते तू घेतलंच नाहीस?” तर म्हणे, “आयपीस ना? त्याचा विचार चालू आहे. त्यात सात-आठ प्रकार...”

माझा पारा जो चढला तो चढला. जन्मभर ज्यांनी लोकांचे काटे सरळ केले, त्यांनी आईसाठी दुर्बीण घेतली आणि आईला डोळा लावायला जागाच ठेवली नाही! ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तेवढी एकच गोष्ट राहिली. तारे सरळ, कड्या बरोबर, वजन निम्म्याच्या आत, आणि म्हातारी बाहेर. मी यांना नणंदेसमोरच हे सगळं सुनावलं. हे ऐकून घेत होते. नंतर हळूच म्हणाले, “पण फोटो तर आईला...” मी म्हटलं, “तुम्ही आता बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दुकानात गेले. दुकानदाराला दुर्बिणीचं नाव सांगितलं आणि म्हटलं, शनी बघायचाय, डोळा लावायचं भिंग द्या. त्याने विचारलं, “कुठल्या कंपनीचं?” मी म्हटलं, “जे तुमच्या हाताशी असेल ते.” त्याने एक भिंग आणि मान न मोडता वरून बघता यावं म्हणून एक वाकडी नळी काढून दिली. पिशवी घेऊन मी घरी आले. हे पिशवीकडे असे बघत राहिले, जणू मी पेटीतलं वजनच हाताने उचललं होतं.

“कुणाला विचारून घेतलंस?”

“कुणालाही न विचारता.”

त्याच दिवशी दिवस मावळल्यावर सासूबाईंना हाताला धरून गच्चीवर नेलं. आकाशात अजून उजेड होता, शनी मात्र दिसायला लागला होता. यांनी दुर्बीण लावली, स्वतः बघितलं आणि सरकून मला जागा दिली. मग मी बघितलं. इवलासा, पण कड्यासकट.

सासूबाई खुर्चीत बसल्या. डोळा लावला.

“काही नाही,” त्या म्हणाल्या.

यांनी शनी पुन्हा नेमका मध्ये आणला. “आता?”

“काळं आहे नुसतं.”

यांनी भिंग पुढे-मागे केलं, खुर्ची हलवली, स्टँडची मोटर तपासली. शनीला तसूभर इकडे-तिकडे होऊ देत नव्हते. “आई, अगदी मधोमध आहे. सरळ बघ. अगदी सरळ.”

“उशीर झाला रे,” सासूबाई म्हणाल्या. रडल्या नाहीत, पण आवाज खाली गेला. “राहू दे. तू फार केलंस.”

यांच्या त्या ‘मधोमध’ने माझं डोकं फिरलं. मधोमधचंच तर दिसत नाही ना त्यांना! मी दिवसभर त्यांच्याबरोबर असते. त्यांना माझा चेहरा बघायचा असला की त्या माझ्या कानाकडे बघतात. एकदा मी विचारलं होतं तर म्हणाल्या होत्या, “सरळ बघितलं की तू पुसली जातेस.”

मी खाली वाकले. “आई, त्याच्याकडे बघू नका. माझ्याकडे बघता तसं बघा. कडेला, लांब कुठेतरी.”

त्यांनी डोळा तसाच ठेवला. नजर तेवढी हळूहळू कडेला नेली.

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या. “कान आहेत की त्याला! भांड्याला असतात तसे. दोन्हीकडे.” आणि हसायला लागल्या. “आहे. आहे की खरंच.”

हे म्हणाले, “याला तिरकी नजर म्हणतात. अंधुक तारे बघताना मुद्दाम...” मी त्यांच्याकडे बघितलं.

सासूबाईंनी पोटभर बघून घेतलं. अंधार पडायला लागला तसा मी त्यांना खाली न्यायला जिन्याचा दिवा लावला. त्यांनी डोकं वर केलं आणि मुलाच्या खांद्याच्या बाजूला, पाण्याच्या टाकीकडे बघायला लागल्या. हे नेहमीसारखे सरकून त्यांच्या नजरेसमोर आले. आईने आपल्याकडे बघावं म्हणून हे नेहमी असेच सरकतात.

“हलू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “तू दर वेळी मध्ये येतोस. मग मला दिसत नाहीस.”

“दर वेळी?” यांनी विचारलं.

“हो रे. तुझा चेहरा बघून किती दिवस झाले. बाजूला हो. तिथेच उभा राहा.”

हे पुन्हा बाजूला झाले आणि हात दोन्ही बाजूंना सोडून उभे राहिले. सासूबाई टाकीकडे तोंड करून त्यांना बघत राहिल्या.

“मिशी पांढरी झाली की तुझी,” त्या म्हणाल्या. “कधी झाली?”

हे जागचे न हलता म्हणाले, “झाली केव्हातरी, आई.”