कमानीवरचा भिमाजी

आणि हो, काल त्या खुर्चीचं राहिलंच की! बालवाडीतली लाल प्लॅस्टिकची खुर्ची, बसलं की गुडघे हनुवटीला टेकणार. लोणावळ्याच्या त्या शाळेत संध्याकाळी मुलं गेली की दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते. तिथं आमचा वडिवळ्याचा भिमाजी, बंगल्यावर माळीकाम करणारा ताडमाड गडी, पहिल्या दिवशी असा अंग चोरून बसला होता.

तिथवर पोचायला तरी त्याला काय कमी फिरावं लागलं? शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की बंगल्यावर अर्ध्यामुर्ध्या बाटल्या उरायच्या आणि त्या आवरायचं काम भिमाजीचं. तो त्या पोटात आवरायचा. गावानं उपाय सुचवण्यात कसर ठेवली नाही. भैरोबाचा भंडारा उचलायला लावला, दंडाला गंडा बांधला. बायकोनं, सरुबाईनं, बाजारातली कसलीशी पुडी गुपचूप आमटीत कालवली. गडी भडाभडा ओकला आणि तोंडाची चव जावी म्हणून पुन्हा प्यायला! शेवटी बंगला रंगवायला आलेला एक पेंटर म्हणाला, "आबा, मीबी असाच होतो. शाळेत या." भिमाजी गेला खरा, पण लाजेनं वॉचमनला विचारतो काय, तर "पालकसभा कुटं हाय?" वॉचमन बेरका. भिमाजीच्या पांढऱ्या मिशांकडे बघून म्हणाला, "ती काय आतल्या खोलीत. तुमच्यासारखेच पालक बसलेत."

आत कुणी उपदेश केला नाही. ज्यानं त्यानं आपलं सांगितलं. नियमही साधाच: इथं कोण दिसलं, काय ऐकलं, ते इथंच ठेवून जायचं. भिमाजीला तो नियम फार आवडला. गावात माणूस शिंकला तरी खालच्या आळीला कळतं. इथं रडलं तरी भिंतीपलीकडे जात नव्हतं.

वर्षभर तो चुकला नाही. मग त्यानं वरच्या ठाकरवाडीतल्या बारकूला गाठलं. मजुरीवर जाणारा मुलखाचा भिडस्त माणूस. त्याचीही बाटली सुटत नव्हती. बैठकीला यायला दोनदा कबूल होऊन दोनदा कामशेतच्या नाक्यावरून माघारी फिरलेला. शेवटी अट घालून तयार झाला. "आबा, कुणाला कळाया नगं. माज्या पोरीचं, चिंगीचं, लगीन ठरतंय."

"माझ्या तोंडाला कुलूप हाय," भिमाजी म्हणाला.

पण सरुबाईच्या तोंडाला कुठं होतं! नवऱ्यानं दारू सोडून वर्ष झालं, हा आनंद तिनं नळावर सांगितला. का सांगू नये बिचारीनं? तो पोचला राजेंद्रच्या कानावर. राजेंद्र म्हणजे सरपंचकीवर डोळा ठेवून बसलेला, गावात कुत्र्याला पिल्लं झाली तरी अभिनंदनाचा फ्लेक्स लावणारा. बैठकीच्या दिवशी हा गाडी घेऊन हजर. "आबा, जीपची वाट कशाला बघता? बसा दोघंबी." शाळेच्या दारात उतरल्यावर दोघांच्या गळ्यात हात टाकून म्हणतो, "एक फोटो!" बारकू मान वळवेपर्यंत मोबाईल खटकन वाजलासुद्धा.

दोन दिवसांनी गावच्या कमानीवर फ्लेक्स झळकला. 'व्यसनावर विजय! भिमाजी आबांचे हार्दिक अभिनंदन.' राजेंद्रचं तोंड सुपाएवढं, भिमाजीचं लिंबाएवढं, आणि लिंबामागून डोकावणारा, अर्धी मान वळवलेला बारकू. वाडीतला माणूस कामाला निघाला की त्याच कमानीखालून जाणार!

चिंगी बंगल्यावर भिमाजीकडे आली ती डोळे पुसतच. "आबा, पाव्हण्यांनी इचारलं, तुजा बा दारूडा हाय का म्हणून. बा घरातनं भायेर येईना. लोणावळ्याला न्हाई जात म्हणतो. आन् काल... काल रातच्या अंधारात जाऊन पिऊन आला."

भिमाजीच्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं कोयता घेतला, शिडी घेतली आणि भर दुपारी, पारावरची मंडळी बघत असताना, फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. खालून एकजण म्हणाला, "आबा, परत चढली काय?"

"व्हय, चढली. शिडी धर!"

फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर मारून तो टेकाड चढून थेट बारकूच्या दारात गेला. बारकू आत भिंतीकडे तोंड करून पडलेला. दाराशेजारी शेळ्यांचं गळकं छप्पर होतं, त्यावर भिमाजीनं फ्लेक्स पसरला. चेहरे खाली, पांढरी बाजू वर. बराच वेळ ठोकाठोक चालली. मग आतून आवाज आला, "आबा, कोपरं दगडानं दाबा. हितं वारं लय."

"तूच ये की दाबायला."

बारकू आला. दोघं दगड ठेवत होते, तेवढ्यात राजेंद्र धापा टाकत टेकाडावर आला. हातात शाल-नारळ. "आबा, हे काय केलंत? परवा सत्कार ठेवलाय तुमचा! तुम्ही दारू सोडलीत, हे लोकांना कळायला नको का?"

भिमाजीनं हातातला दगड बारकूकडे दिला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला,

"राजेंद्रा, मी पिऊन त्याच कमानीखाली पडायचो, तवा तू गाडी वळवून जायचास. तवा न्हाई काडला माजा फोटू! आता उभा राह्यलो तर माज्या खांद्यावर चढून मतं मागतोस? आन् ह्याला, ज्यानं कुनाचं काय बिगाडलं न्हाई, त्याला टांगलास गावाम्होरं? ती शाल ठेव तुज्याकडं. चिंगीच्या पाव्हण्यांच्या दारात जा, 'चूक माजी' आसं तुज्या तोंडानं सांग. बैठकीला बारकूला मी जीपनं नेतो. आन् पाव्हण्यांकडं जाताना तेवढा मोबाईल घरी ठेवून जा!"