पाणीवाल्या गोटीरामभाऊंचे लाल झिंगे

आमच्या जेल रोडच्या कॉलनीत गोटीरामभाऊंनी जितक्या शिव्या खाल्ल्या तितक्या कुठल्या पुढाऱ्यानेही खाल्ल्या नसतील. पाणी सोडायचं काम त्यांचं. कागदोपत्री हुद्दा व्हॉल्व्हमन, पण सगळे पाणीवाले म्हणूनच ओळखायचे. सायकलला लांब लोखंडी चावी बांधून निघायचे आणि रस्त्यातली झाकणं उघडून एकेका गल्लीचं पाणी सोडत जायचे. पाणी आलं की कुणाला त्यांची आठवण नाही. दहा मिनिटं उशीर झाला की सात पिढ्यांचा उद्धार. मीही केलाय, खोटं कशाला बोलू? मी तोंडाची फटकळ, त्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. जरा गढूळ पाणी आलं की सगळ्यांत मोठा आवाज माझा. भाऊ खाली मान घालून ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सव्वासहाला साफ येईल, मॅडम." आणि सव्वासहाला साफ यायचं.

२००५ साली ते रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या बायकोला, चांगुणावहिनींना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यात दोन नर्सनी धरलं तर त्या उभ्या राहायच्या. डॉक्टर म्हणाले, पायात जोर आहे, हळूहळू चालतील. पण घरी आल्यावर वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. व्यायाम शिकवायला एक बाई यायची, तिला त्यांनी डाव्या हाताने ढकलून दिलं. भाऊ त्यांची वेणी घालायचे, भरवायचे, कूस बदलून द्यायचे. दर महिन्याला डॉक्टर एकच बोलायचे, "यांच्याच मनात नसेल तर मी काय करू?"

मग देवळाली कॅम्पातला त्यांचा फौजी जावई, सुनील, आसामकडे बदलून गेला. लेक ललिता सामान आवरताना एक काचेची टाकी बापाच्या घरी ठेवून गेली. दोन फूट लांब, आत हिरवं शेवाळ, आणि त्यात नखाएवढे लाल झिंगे. सुनीलने मुंबईहून हौसेने आणलेले. भाऊ माझ्यापाशी कुरकुरले, "मॅडम, आमच्या दिंडोरीकडं झिंगे कालवणात घालत्यात. हे बघत बसायचे झिंगे मी पहिल्यांदाच पाहतोय!" टाकी ठेवायला जागा एकच होती, खाटेसमोरच्या भिंतीला, पाच-सहा पावलांवर. तिथे लोखंडी स्टँडवर ती बसवली.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी आपणहून कूस बदलली. भिंत सोडून टाकीकडे तोंड केलं. ते इवलेसे जीव दिवसभर शेवाळ खुडत बसायचे आणि वहिनी त्यांना बघत बसायच्या. पंधरवड्याने एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा पिवळा पुंजका दिसला. वहिनींनी डावं बोट तिकडे केलं आणि म्हणाल्या, "पो... पोटुशी."

भाऊ धावत माझ्या दारात आले. "बोलली हो, मॅडम! पोटुशी म्हणाली!" मला आधी वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. नीट कळल्यावर मी आत जाऊन त्यांच्यासाठी शिरा टाकला.

आणि मग झिंगे मरायला लागले.

आधी एक मेला. दोन दिवसांनी दोन. मग रोज एखादा. भाऊ सकाळी दूध घेऊन आले की तळाशी आडवा पडलेला झिंगा दिसायचा, लालाचा पांढरा पडलेला. ते गुपचूप चिमटीने काढायचे, पण वहिनींची नजर टाकीवरच असायची, काय लपणार? चाळिसाचे एकोणीस झाले. वहिनींनी जेवण अर्ध्यावर आणलं. दिवसा पुन्हा भिंतीकडे तोंड. शब्द तर गेलाच.

भाऊ सोड्याच्या बाटलीत टाकीतलं पाणी भरून माझ्याकडे आले. "तीस वर्षं लोकांना पाणी पाजलं, मॅडम. माझ्याच घरातलं पाणी जीव घेतंय. हे मेले तर ती पण जाईल. काय खोट हाय ती काढून द्या."

मला काय, उत्साहच आला. "नळाचं पाणी तसंच ओतता का? क्लोरीनने मरतात ते!"

"मला शिकवता काय?" भाऊ पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "बादली चोवीस तास उघडी ठेवतो, मंग घालतो."

खरंच होतं. क्लोरीन शून्य. अमोनिया किंचित निघाला, म्हणून मी त्यांना झाडलं की उकडलेला पालक टाकता तो उरला की काढत जा, आत सडतो. त्यांनी काढायला सुरुवात केली. तरी मेले. मग मला संशय आला की बाजारातल्या पालकावर औषध मारलेलं असणार. भाऊंनी पालकच बंद केला. तरी मेले. डासांची कॉइल बंद केली. डिसेंबरची थंडी होती, पाणी गारठतं म्हणून टाकीला वहिनींची शाल गुंडाळली, वर बल्ब टांगला. पारा बरोबर जागेवर आला, आणि त्याच दिवशी अंडीवाली मादी मेली. वहिनींनी त्या दिवशी घोटभर चहासुद्धा घेतला नाही.

"तुमच्या मशिनीत काय राम नाय, मॅडम," भाऊ म्हणाले. मला राग आला.

खोट शेवटी त्यांनीच धरली, मी नाही. टाकीतलं पाणी किती आहे ते कळावं म्हणून त्यांनी काचेला पाण्याच्या रेषेवर वहिनींची एक टिकली चिकटवली होती. एका संध्याकाळी मला बोलावून ती दाखवली. "हे बघा. चार दिवस मी पाणी घातलं नाय. वर बल्ब चालू हाय. पाणी उतरायला पाहिजे का नाय? टिकलीवरच उभं हाय."

"मग चांगलंच आहे की."

"अहो, काय चांगलं? उघडं पाणी उतरतंच. कुणीतरी वरून भरतंय."

एवढी शिकलेली मी, मला हे दिसलं नव्हतं. मी विचारलं, "बादलीशिवाय घरात दुसरं पाणी कोणतं?"

"प्यायचं. सैपाकघरात तांब्याच्या कळशीत भरतो. लकव्याला चांगलं म्हणत्यात ना? रोज सकाळी फुलपात्रभर तिला पाजतो. पीत जा, हातपाय चालतील, असं म्हणतो."

मी कपाळावर हात मारला. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी आपल्याला काही करत नाही. पण झिंग्याला तांब्याचा अंशसुद्धा विष. त्यात भाऊ कळशी चिंच लावून रोज लख्ख घासणार, म्हणजे तांबं आणखीच उतरणार! सगळं तपासलं, तेवढं तांबं तपासलं नव्हतं. कॉलनीची लाइन लोखंडी, तांबं येणार कुठून, या माझ्या शहाणपणात मी राहिले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पहिलं तेच पाहिलं. पाण्यात तांबं होतं.

"पण ओततंय कोण?" संध्याकाळी भाऊंच्या दारात उभी राहून मी हळूच विचारलं. "कामाला बाई येते का?"

"नाय. घरात दोघंच. एक मी." भाऊंनी आवाज खाली आणला. "आणि ती."

आम्ही दोघंही खाटेकडे बघायला लागलो. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

सकाळी भाऊ रोजच्यासारखे बाहेरून कडी लावून दुधाला निघाले आणि गल्लीला वळसा घालून मागच्या खिडकीशी आले. ठरल्याप्रमाणे मी तिथे आधीच उभी होते, शेजारणीच्या घरात डोकावताना लाज वाटत होती तरी. तिथून स्वयंपाकघर आणि दारातून बाहेरची खोली दिसत होती.

पाच मिनिटं काही नाही. मग खाट कुरकुरली. वहिनींनी डावा पाय खाली टाकला. उजवा हाताने उचलून खाली ठेवला. खुर्चीची पाठ धरली आणि उभ्या राहिल्या. भिंतीला खांदा लावून उजवा पाय ओढत ओढत स्वयंपाकघरात आल्या. कळशीत फुलपात्र बुडवलं. परत फिरल्या. एका हातात भांडं, मग धरायचं कशाने? भिंतीला कपाळ टेकवत टेकवत गेल्या, बाई! अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. उरलेलं त्यांनी टाकीत सोडलं, अगदी हळू, बाळाच्या तोंडात घालावं तसं. म्हणाल्या, "प्या."

भाऊ पळत सुटणार होते. मी मनगट धरलं. माझे डोळे गळत होते आणि मी दबक्या आवाजात त्यांच्यावरच ओरडत होते, "ऐका माझं! तिला काही कळू द्यायचं नाही. कळशी गळते म्हणून सांगा, माठ आणा, काहीही सांगा. स्वतःच मारले असं कळलं तर ती पुन्हा उठायची नाही." आयुष्यात एकही रिपोर्ट खोटा दिला नव्हता मी. त्या दिवशी जाणूनबुजून खोटं शिकवत होते.

भाऊंनी मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही. ते पुढच्या दाराने आत गेले, मी मागोमाग. वहिनी अजून टाकीशीच होत्या. चोरी पकडल्यासारखं त्यांनी फुलपात्र पदराआड घेतलं.

"आजारी... होते," त्या म्हणाल्या. "चांगलं पाणी. माझं."

पहिला झिंगा आपल्या मौतीने मेला असणार, पण तेव्हापासून त्या हे करत होत्या. जितके मरत तितकं जास्त पाजत.

भाऊ त्यांच्यासमोर खाली बसले. वर बघत म्हणाले, "चांगुणा, त्या पाण्यानंच मेले गं ते. तांबं बाधतं त्यांना. मॅडमनी तपासलं. तुला ठाऊक नव्हतं, मला बी नव्हतं." मग वहिनींच्या पायांकडे पाहिलं. "पण तू चाललीस की गं."

वहिनींनी फुलपात्राकडे पाहिलं. मग टाकीकडे. मी मनात म्हटलं, झालं, केला घात या माणसाने! कुठली दुर्बुद्धी झाली याला? वहिनींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मग त्यांनी फुलपात्र भाऊंपुढे केलं.

"मग दुसरं दे."

भाऊ उठले. दाराशी ठेवलेल्या बादलीतून त्यांनी फुलपात्र भरलं आणि टाकीकडे वळले. वहिनींनी मोठ्याने "हं!" केलं आणि डावा हात पुढे केला. भाऊंनी मुकाट्याने भांडं त्यांच्या हातात दिलं. वहिनींनी पाणी घातलं, वळल्या आणि रिकामं भांडं घेऊन स्वतःच बादलीकडे निघाल्या. भाऊ मागोमाग चालत होते, हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून.