भुऱ्याचे दगड

"एकटेच निघाले का, भाऊ?" असं कोणी विचारलं की ते खांद्यावरची टपालाची पिशवी सावरत म्हणायचे, "एकटा कायले? दोघं आहो ना." विचारणारा नवखा असला तर दुसरा माणूस शोधत इकडेतिकडे बघायचा. दुसरा डाकघराच्या पायरीखाली बसलेला असायचा. मातकट रंग, एक कान फाटलेला, गळ्यात जुन्या टपालपिशवीच्या खाकी पट्ट्याचा तुकडा. नाव भुऱ्या.

आमचं डाकघर म्हणजे आरमोरीहून आत, जंगलाला लागून असलेल्या गावातली एक खोली, एक टेबल आणि एक शिक्का. मी ब्रह्मपुरीची. दहावीच्या मार्कांवर पोस्टमास्तर म्हणून नेमणूक झाली तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि साठीकडे झुकलेले हे डाकसेवक माझ्या हाताखाली आले. हाताखाली म्हणायचं इतकंच. पहिले सहा महिने त्यांनीच मला सांभाळलं. कुठला लखोटा कुठल्या घरचा, कुणाच्या घरी दोन सख्ख्या भावांचं एकच आडनाव आणि एकमेकांचं तोंड बघणं बंद, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला बाई.

कुत्र्यांचं मला कधीच कौतुक नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "भाऊ, कुत्रं ऑफिसात नको." त्यांनी भुऱ्याकडे पाहिलं, भुऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो उठून पायरीखाली जाऊन बसला. पुढे सहा वर्षं त्यानं ती पायरी ओलांडली नाही. मीच नंतर कितीदा "ये रे आत" म्हटलं, पण पठ्ठ्या आला नाही.

तुम्ही कधी खरोखर खोटं न बोलणाऱ्या माणसाबरोबर काम केलं आहे का? फार अवघड असतं. भाऊ दर पौर्णिमेला विहारात जायचे, पंचशील म्हणायचे आणि म्हटलेलं पाळायचे. आपण सगळे म्हणतो, पाळायचं कोण? एकदा तपासणीला साहेब आले. आदल्या दिवशीचं टपाल उशिरा का पोचलं, असं त्यांनी विचारलं. भाऊंना वाचवायला मी पुढे होऊन म्हटलं, "नाल्याला पाणी होतं, सर." भाऊ मागून शांतपणे म्हणाले, "पानी नव्हतं जी. मोहाच्या झाडाखाली बसलो तं डोळा लागला." साहेब हसले म्हणून निभावलं. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी ते म्हणाले, "बाई, रागावू नोका. माह्याच्यानं नाई होत."

गावात कुणाला कोर्टाची नोटीस आली की तो माणूस दारात उभा राहून म्हणायचा, "भाऊ, घरी नाई म्हनून लिहून द्या ना." भाऊ म्हणायचे, "तुमी तं समोर उभे आहा. कसं लिहू?"

त्यांच्या फेरीतलं शेवटचं ठिकाण म्हणजे जंगलातला गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती. वीसबावीस घरं. वाट दीड तासाची, मधे बांबूचं रान आणि नाला. तिथे सायकल चालत नाही. भुऱ्या पुढे, भाऊ मागे, असे दोघं जायचे. ही चालायची रीतच ठरलेली होती. भुऱ्या चालला तर चालायचं. थांबला तर थांबायचं. खाली बसला तर पुढे जनावर आहे असं समजून मागे फिरायचं, मग पिशवीत कलेक्टरचा लखोटा का असेना. टोल्याच्या तोंडाशी आला की भुऱ्या एकदाच भुंकायचा आणि बायका हात पुसत बाहेर यायच्या. डब्यातला अर्धा भात आधी त्याचा. मी एकदा म्हटलं, "आधी तुम्ही जेवा ना." तर म्हणाले, "समोर तो चालते. त्याचं पोट भरलं पायजे."

भुऱ्या बसला म्हणून टपाल परत आलं, असं वर्षातून दोनतीनदा व्हायचं. मी रजिस्टरात 'रस्ता बंद' लिहायचे. भाऊंना ते डाचायचं. "रस्ता तं उघडा होता जी. भुऱ्या बसला म्हनून लिहा." मी म्हणायचे, "भाऊ, असं लिहिलं तर वरचे लोक मला वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील." यावर ते बराच वेळ विचार करून म्हणायचे, "तेही खरं आहे."

मी त्या वाटेनं त्यांच्याबरोबर एकदा गेले होते. नाल्याच्या अलीकडे दगडांची एक रास दिसली, वर सुकलेल्या डहाळ्या. भाऊंनी वाकून एक दगड उचलला आणि राशीवर ठेवला. मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला तिथे वाघानं नेलं होतं, त्यांच्या लहानपणी. आमच्याकडच्या जंगलात ही चाल आहे. वाघानं माणूस नेला त्या जागेवरून जाताना प्रत्येकानं एक दगड ठेवायचा, नाही तर पानाची डहाळी. मी विचारलं, "तिचं नाव काय होतं?" ते म्हणाले, "कोनाले माहीत? नाव माहीत नसलं तरी चालते. कोनी गेलं इथी, एवढं ध्यानात ठेवाचं." मीही एक दगड ठेवला. भुऱ्या तेवढा वेळ उभा राहिला होता.

मग भुऱ्या म्हातारा झाला. तोंडाभोवती पांढरं आलं, मागचा पाय ओढायला लागला, फाटक्या कानानं ऐकू येईना. वाटेत कुठेही थांबायचा आणि धापा टाकायचा. मीच भाऊंना म्हटलं, "आता त्याला घरी बांधून ठेवत जा." त्यांनी ऐकलं. काही आठवडे ते एकटे जाऊ लागले. गावातून जाताना कोणी विचारलं तर नुसतेच हसायचे.

आता पुढचं सांगायचं तर माझ्याबद्दलही सांगावं लागेल. धान कापून झालं होतं, थंडी होती. टोल्यातल्या एका मुलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी बोलावणं आलं होतं, त्याचं रजिस्टर पत्र आलं. तारीख दोन दिवसांवर. नाल्याकडे वाघाचे पगमार्क दिसलेत, असं वनरक्षक आदल्या दिवशी सांगून गेला होता. भाऊ म्हणाले, "बाई, उद्या वनरक्षक त्या अंगाले जाते. त्याच्यासंगं जातो." मी म्हटलं, "पोरीचं वर्ष जाईल, भाऊ. आज गेलंच पाहिजे." त्यांनी पत्र पिशवीत टाकलं. घरी गेले आणि भुऱ्याला सोडलं. मी डाकघराच्या दारातून विचारलं, "एकटेच?" कितीतरी दिवसांनी त्यांचं ते उत्तर ऐकलं. म्हणताना तोंडभर हसले होते.

परत आले ते एकटे. पायरीवर बसले, पायरीखाली बघितलं आणि म्हणाले, "त्यानं थांबून दाखवलं होतं जी."

मी पाणी आणलं. ते हातात धरून बसले. मग तुटक तुटक बोलले. नाल्याच्या अलीकडे भुऱ्या थांबला. खाली बसला. भाऊंना वाटलं, थकला. म्हातारा झाला, दम लागला असेल. ते त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चाल बाबू, थोडंच राह्यलं." भुऱ्यानं एकदा वळून पाहिलं आणि उठून पुढे चालायला लागला. वीस पावलं गेला असेल.

"अकरा वर्षं त्याचं आयकलं," भाऊ म्हणाले. "एक दिवस नाई आयकलं. मीच चाल म्हनलं त्याले. अन तो माह्यं आयकून गेला."

पत्र त्यांनी पोचवलं होतं. पावतीवर मुलीची सही होती. टोल्यात कोणी तरी विचारलं, भुऱ्या कुठी? ते म्हणाले, "मांगं राह्यला." खोटं नव्हतंच ते. परतताना त्यांना बांबूच्या बुडाशी खाकी पट्टा सापडला. तो त्यांनी तिथेच पुरला आणि वर सात दगड रचले.

नंतर कळलं, त्या मुलीला आदल्याच दिवशी रेंजसाठी टेकडीवर चढून मैत्रिणीशी फोनवर बोलताना सगळं समजलं होतं. पत्र एक दिवस उशिरा गेलं असतं तरी तिचं काही बिघडणार नव्हतं. हे मी भाऊंना कधीच सांगितलं नाही. मी खोटं बोलले नाही, पण बोललेही नाही. अजून पावतीचं बुक हातात घेतलं की मला ते आठवतं आणि माझी मलाच लाज वाटते.

सात दगडांची रास वाढायला लागली. बांबू तोडणारे, तेंदूपत्त्याला जाणारे, टोल्यातली माणसं, जो तो जाताना एक दगड ठेवू लागला. जंगलात रास दिसली की आमची माणसं हात जोडतात आणि दगड शोधतात. कुणाला तरी वाघानं नेलं, एवढं त्यांना पुरे असतं. दूरगावचा एखादा भाऊंना विचारायचा, "कोन गेलं जी इथी?" भाऊ म्हणायचे, "माह्या समोर चालनारा होता." विचारणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यायचं आणि तो एकाऐवजी दोन दगड ठेवायचा.

इथेच भाऊंचं दुखणं सुरू झालं. एक दिवस ते टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, लोक मानूस समजून दगड ठेवून राह्यले. मी सांगत नाई. हे खोटंच झालं ना?"

मी म्हटलं, "तुम्ही कुठे माणूस म्हणालात?"

"म्हनलो नाई. पन नाईही म्हनलो नाई."

"मग सांगून टाका."

ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "कुत्र्यासाठी कोन दगड ठेवन, बाई? हासतीन. अन मंग रास मोडन. पहिल्याच पान्यात त्याची जागा वाहून जाईन." मग म्हणाले, "आधी त्याले मारलं. आता जागाही माह्याच तोंडानं मोडू का?"

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. साहेबासमोर स्वतःची झोप कबूल करणारा, आणि एका कुत्र्याच्या दगडांसाठी दोन वर्षं घशाशी आलेलं गिळत राहिलेला. पौर्णिमेला ते विहारात जायचे, पण मागे बसायचे. चौथं, खोटं न बोलण्याचं शील आलं की गप्प राहतात, असं मला विहारातल्या एका बाईंनी सांगितलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला विसर पडतो. मला माहीत होतं, पण मी काय सांगणार? सवयीनं अजूनही कधी तरी त्यांच्या तोंडून "दोघं आहो ना" निघून जायचं. मग ते पायरीखाली बघायचे आणि भराभर चालायला लागायचे.

पासष्टी गाठून ते निवृत्त झाले आणि ब्रह्मपुरीला मुलीकडे गेले. मी घरी गेले की भेटायला जायचे. छातीचं दुखणं वाढत होतं. शेवटच्या भेटीत त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बाई, माह्याच्यानं नाई झालं. टोल्यात जाऊन तुमी सांगा. कुत्रं होतं म्हना. मंग ज्याले ठेवाचा तो ठेवन."

मी हो म्हटलं. पंधरा दिवसांत ते गेले. गेल्या वर्षी, धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत.

टोल्याकडे जायला मला दोन महिने लागले. सांगून टाकलं की रास मोडेल, मग त्या दोघांचं त्या जंगलात काय उरणार, या विचारानं पाय निघत नव्हता. पण शब्द दिला होता. एक दिवस वनरक्षकाबरोबर गेले. तो पुढे त्याच्या कामाला गेला आणि मी त्या नर्सिंगवाल्या मुलीच्या घरी गेले. तिची आई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. भाऊ गेल्याचं तिला कळलं होतं. मी बसले, पाणी प्यायले, आणि पाठ केल्यासारखं बोलून टाकलं. "बाई, त्या नाल्याजवळची रास माणसाची नाही. भाऊंच्या कुत्र्याची आहे. त्यांनीच सांगायला सांगितलं."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. "आमाले माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. भुंकनं आयकू नाई आलं अन भाऊ दारात उभे. 'मांगं राह्यला' म्हनलं त्याईनं. अख्ख्या टोल्याले समजलं."

मी म्हटलं, "मग त्यांना कधी म्हणाला का नाहीत? ते दोन वर्षं झुरले हो. तुम्हाला माणूस वाटतो, असं समजत राहिले."

तिनं डाळीतला खडा उचलून बाजूला टाकला. "त्या दिवसानंतर आमी कोनी विचारलं का त्याईले? विचारलं असतं तं त्याईले खरं सांगा लागलं असतं. भाऊ खोटं बोलत नाई, ते का आमाले माहीत नाई? म्हनून टोल्यात सांगून ठेवलं होतं, कोनी विचाराचं नाई. आपलं दगड ठेवत जाचं."

मला तिथेच रडू फुटलं. ते विचारत नव्हते म्हणून भाऊ झुरले, आणि भाऊ झुरू नयेत म्हणून ते विचारत नव्हते. एका शब्दानं सुटला असता जीव. तो शब्द आता मी कुणाला जाऊन सांगू?

निघाले तेव्हा ती कुंपणापर्यंत आली. वनरक्षक वाटेवर थांबला होता. तिनं अंगणाच्या कडेचे दोन दगड उचलून माझ्या हातात दिले. मी म्हटलं, "भाऊंना वाघानं नाही नेलं, बाई. ते घरी अंथरुणावर गेले. त्यांचा दगड कसा चालेल?"

"ठेवा जी," ती म्हणाली. "तो एकटा कधी गेला होता?"

नाल्याच्या अलीकडे रास माझ्या कमरेएवढी झाली आहे. वर एक ओली डहाळी होती, त्याच सकाळची. मी दोन्ही दगड शेजारी शेजारी ठेवले आणि जरा वेळ थांबले.