गुंडाआण्णा आणि केसाहून बारीक नळीतली हवा

आष्ट्यात आमच्या शेजारी गुंडाआण्णा राहतात. नावावरून कुणी घाबरू नये. वाटेत मुंगळा आला तरी ते वळसा घालून जातात. सतरा वर्षं फौजेत होते, बर्फातल्या छावण्यांना पाणी पोचवायचं काम केलं, आणि नाईक होऊन परत आल्यापासून नदीवरून उसाला पाणी नेणाऱ्या पाइपलाइनी दुरुस्त करतात. मोटार फिरतेय पण पाणी पडत नाही, असं झालं की लोक त्यांना बोलावतात. आण्णा पाइपाला कान लावतात, चार पावलं चालतात, पुन्हा कान लावतात आणि म्हणतात, "हितं हवा धरलीया." बहुतेक वेळा ते खरं निघतं, अडकलेली हवा सोडली की पाणी पडतं.

पंचाईत एवढीच, की उरलेल्या जगाचं निदानही ते तसंच करतात. त्यांच्या बायकोचा, अंजनावहिनींचा, गुडघा दुखला, हवा धरली. सोसायटीच्या चेअरमनचं भाषण लांबलं, हवा धरली. आमचा टीव्ही बंद पडला तेव्हा ते त्यालाही कान लावून उभे राहिले होते. वहिनी म्हणतात, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, दुसरा आजार मी यांच्या तोंडून ऐकला नाही.

त्यांची लेक राजनंदिनी, घरातली राणी, सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात पीएचडी करते. विषय आहे पोकळ ऑप्टिकल फायबर. आपल्या इंटरनेटच्या वायरीत काचेचा भरीव धागा असतो. राणीच्या धाग्याच्या पोटातून मात्र केसाहून बारीक बोगदा आरपार गेलेला असतो आणि उजेड त्या पोकळीतून धावतो. भट्टीत काच तापवून असा धागा ओढला की त्या बोगद्यात कुठला वायू कोंडला जातो आणि किती, हे तिला शोधायचं होतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं नव्या धाग्याचं एक रीळ पाठवलं होतं, दोन्ही तोंडं वितळवून बंद केलेलं.

वायू कुठला, हे धाग्यातून उजेड सोडला की कळत होतं. किती, इथे गाडी अडली. मोजायला तोंड कापावं, तर कापल्या क्षणी बाहेरची हवा आत शिरायला लागायची. महिनाभरात दहा मीटर धागा संपला आणि वहीत जे आकडे उतरले ते धाग्याच्या पोटातले नव्हते, विश्रामबागच्या हवेचे होते. राणी घरी फोन करेनाशी झाली. तेव्हा वहिनींनी डबा भरला आणि आण्णांना सांगलीला पिटाळलं.

डबा खाता खाता राणीनं सगळं सांगितलं. आण्णांनी रीळ लांबूनच बघितलं. त्याला कान लावायचा त्यांचा विचार होता असा माझा संशय आहे, पण लेकीनं डोळे वटारले असावेत.

"काच किती तापवत्यात?" त्यांनी विचारलं.

"दोन हजार डिग्रीच्या आसपास."

"मग आत हवा कमीच असणार की. गरम आमटीवर ताट घट्ट बसवलं आन् आमटी गार झाली, की ताट निघतंय का? आतली हवा आकसती."

राणी म्हणाली, कमी असणार हे आम्हालाही माहीत आहे, किती कमी ते पाहिजे.

"मग पाण्यात बुडवून काप. बाहेरची हवा शिरायचा प्रश्नच न्हाई. पाणी जितकं आत चढंल, तितकी जागा रिकामी हुती."

राणीनं पाइपलाइन आणि फायबर यांतला फरक जरा चढ्या आवाजात सांगितला. आण्णा रिकामा डबा घेऊन एसटीनं परत आले आणि मला म्हणाले की पोरगी शिकली खरी, पण थोडी हवा धरलीया.

चार दिवसांनी राणीनं करून बघितलं. विजेच्या ठिणगीनं धागा दोन ठिकाणी तापवला. मऊ झालेली काच आपोआप आत दबली आणि तोंडं मिटली. त्यातच अर्धं उत्तर होतं, कारण आत जोर असता तर ती फुगली असती. मधला एक मीटरचा बंद तुकडा वेगळा काढून तिनं त्याचं एक टोक पाण्याखाली मोडलं आणि भिंगातून बघत बसली. पाणी चढत चढत ब्याऐंशी सेंटीमीटरवर थांबलं.

तिनं फोन केला आणि आण्णांनी ही बातमी तासाभरात बसस्टँडपर्यंत पोचवली. पण दुसऱ्या दिवशी राणीचे मार्गदर्शक मुकुल सर म्हणाले, की इतकी बारीक नळी पाणी स्वतःच ओढते, आत हवा पूर्ण भरलेली असली तरी. त्यामुळे ब्याऐंशीतलं पोकळीचं किती आणि नळीच्या तहानेचं किती, कसं सांगणार?

हे ऐकल्यावर आण्णांनी दोन दिवस हवेचं नाव काढलं नाही. एका शेतकऱ्याच्या लाइनीत खरोखर हवा धरली होती, तरी त्यांनी नुसतं "बघू" म्हटलं. वहिनींनाही ते बरं वाटेना. त्या मला म्हणाल्या, "एवढं एक डाव हवा धरलीया म्हनलं तरी मी देवीला नारळ फोडीन."

या वेळी तोड राणीनं काढली. तिनं दुसरा एक मीटरचा तुकडा घेतला, दोन्ही तोंडं उघडी ठेवून तो आठवडाभर खोलीत पडू दिला, म्हणजे त्यात साधी हवा पुरती भरली. मग टोकं बंद करून तसाच पाण्यात मोडला. पाणी जेमतेम नऊ सेंटीमीटर चढलं. तहान तेवढीच होती. बाकीचं सगळं पोकळीचं. हिशेब मांडल्यावर निघालं, की नव्या धाग्यातला दाब बाहेरच्या हवेच्या पाचव्या हिश्शाएवढा आहे. मुकुल सरांनी तीन वेळा पुन्हा करायला लावलं आणि तिन्ही वेळा उत्तर तिथल्या तिथेच आलं.

रीळ पाठवणाऱ्यांना तिनं हे कळवलं. त्यांनी रीत विचारून घेतली आणि पुढच्या वर्षी दोन महिने तिकडे यायला सांगितलं. राणीनं शोधनिबंधाच्या शेवटी वडिलांचे आभार मानले. नाव छापायच्या आधी मुकुल सरांनी जपून विचारलं म्हणे, "गुंडा हे खरंच नाव आहे ना?"

ती सुट्टीत घरी आली तेव्हा मी तिथेच होतो. वहिनींनी पुरणपोळी केली होती. आण्णांनी छापील पान लांब धरून आपलं नाव वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग पान घडी करून खिशात ठेवलं. जेवताना हळूच म्हणाले, "त्या पाणी शिरलेल्या तुकड्यांचं काय झालं? वाया गेलं न्हवं?"

"पाच मीटर, आण्णा. त्याआधी तुम्हाला न विचारता दहा घालवले होते."

"दहा?" आण्णांचा घास हातातच राहिला. "एवढं मीटर कापस्तवर बापाला फोन करता येत नव्हता व्हय गं?"

राणीनं त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली.