मामांच्या हत्यारांची पंगत

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, माणसांना कुठंही बसू द्यायचे. पोत्यावर, ओंडक्यावर, दारातल्या पायरीवर. हत्यारांना मात्र नाही. नवी पेठेच्या मागच्या बोळात आमचं कातकामाचं दुकान. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब लेथवर कातून द्यायचे. लेथच्या उजव्या अंगाला भिंतीवर एक फळी होती, तिला तिरक्या खाचा. एकेका पटाशीची खाच ठरलेली. पातं भिंतीकडं, मूठ माणसाकडं. मामा तिला पंगत म्हणायचे.

पंगतीत सगळे सोयरे. जाड लाकूड पहिल्यांदा गोल करणारी मोठी पटाशी म्हणजे थोरली जाऊ, कारण तिच्यावाचून कुणाचं काम सुरू होत नाही. तयार वस्तू उरलेल्या लाकडापासून तोडणारं अरुंद हत्यार म्हणजे वकील. आणि तिरक्या धारेची पटाशी म्हणजे जावई. जरा मान वळली की लाकडात घुसणार आणि सगळ्या कामाची नासाडी करणार. त्याला टोकाला बसवून शेजारची खाच मोकळी ठेवलेली. मी नवी असताना त्या मोकळ्या खाचेत कानस खोचली. मामांनी ती काढून माझ्या हातात दिली. “जावयाला खेटून कुणाला बसवायचं न्हाय. धारेला धार लागली की दोगंबी कामातनं गेले.”

एकदा आमच्या ह्यांनी, बापाला मदत म्हणून, सगळी हत्यारं तेलाच्या रिकाम्या डब्यात उभी केली. काढायला सोपी पडतात म्हणाले. मामांनी त्या दुपारी भाकरीला हात लावला नाही. सोयरे डब्यात कोंबलेत आणि मी कसा जेवू, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ह्यांनी एकेकाला पुसून जागेवर बसवलं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा वकील थोरल्या जावेच्या मांडीवर बसला होता.

मग मामांचा उजवा हात थरथरायला लागला. लाटण्याच्या मुठीवर नको तिथं खाचा पडू लागल्या. लेथ विकून टाकू, असं हे ऑफिसातून आल्यावर रोज बोलायचे. मामा भाकरी मोडत राहायचे, मी ताटं वाढत राहायची. पण आता लिहायलाच बसले आहे तर लिहिते : तो हात थरथरताना पाहून मला बरं वाटलं होतं. लग्न होऊन आल्यापासून मला त्या लेथवर बसायचं होतं, आणि मामांचे हात चालू असेपर्यंत तिथं कुणाला जागा नव्हती. असलं बरं वाटणं कुणाला सांगणार? स्वतःच्या आईलासुद्धा नाही.

मामा दुपारी कानातलं मशीन काढून पलीकडच्या खोलीत झोपायचे. तेवढ्या वेळात मी लेथ चालू करायची. नंतर भुसा झाडून, सगळे सोयरे आपापल्या खाचेत बसवून, चहा ठेवायला जायची. अडचण एकच होती. मी डावखुरी. उजवीकडची पटाशी डाव्या हातानं घ्यायची तर फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागे. मामांनी आल्या-गेल्याला बजावलेली तेवढीच एक गोष्ट होती, की चालत्या लाकडावरून हात न्यायचा नाही. मी नेत होते. एकदा पदराचं टोक गुंडाळलं गेलं आणि फाटून निघालं. मी ते कुणाला दाखवलं नाही, रात्री शिवून टाकलं.

त्यानंतर मी कुंभारीला माहेरी गेले. चार दिवसांनी येऊन बघते तर फळी लेथच्या डाव्या अंगाला. पंगत तीच, फक्त उलट्या क्रमानं. जावई या टोकाचा उठून त्या टोकाला. खिळे वाकडेतिकडे ठोकलेले, भिंतीचे दोन-चार टवके उडालेले. थरथरत्या हातानं एकट्यानं केलेलं काम होतं ते.

मामा दारात उभे होते. मी म्हटलं, तुम्ही तर झोपलेले असायचात, मशीनसुद्धा कानात नसायचं.

“कान झोपत हुते. पाठ जागी हुती की. लेथ चालली की माजी खाट हलती, येडे.”

ह्यांना त्यांनी एवढंच सांगितलं की लेथ विकायची नाही, तिला माणूस मिळालंय.

फळी गेली तिथं उजव्या भिंतीवर पांढरा चौकोन उरला, भोवती वर्षानुवर्षांच्या तेलकट हातांचे डाग. मामा कधी दुकानात आले की बोलता बोलता त्यांचा उजवा हात तिकडं जायचा, हवेत थांबायचा आणि मागं यायचा. एक दिवस ते म्हणाले, चुना लावून घे तिथं, म्हणजे हा हात तरी गप बसेल.

मी चुना कालवला. मामा ओंडक्यावर बसून हुकूम सोडत होते. मी त्यांच्याकडं पाठ करून कुंचला मारत होते, म्हणून जमलं असेल. म्हटलं, “मामा, तुमचा हात थरथरायला लागला तवा मला बरं वाटलं हुतं.”

मी कुंचला पुन्हा चुन्यात बुडवला.

“माज्या बापाचा थांबला तवा मलाबी वाटलं हुतं,” मामा म्हणाले. “वरचा कोपरा राहिला बघ.”

मामा त्याच वर्षी गेले. तो कोपरा मी तेव्हाच स्टुलावर चढून नीट करून घेतला होता. त्यांनी दोनदा करायला लावला.